वाळूचा देखावा आणि मातीचा किल्ला : खेळण्यांतील सैनिकांच्या भूमीविषयी काही विचार

खेळण्यांतील सैनिकांविषयी लिहिणारे बहुधा सैनिकाविषयीच लिहितात. त्याचा गणवेश कोणत्या पलटणीचा, त्याचा साचा कोणत्या कारखान्याचा, रंग मूळचा की मागाहून चढविलेला, हे प्रश्न संग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु तो सैनिक ज्या जमिनीवर उभा केला जातो तिचा विचार मात्र क्वचितच होतो. ती जमीन जणू आपोआपच तेथे आलेली असते. प्रस्तुत लेखात या जमिनीचा, आणि विशेषतः वाळवंटी जमिनीचा, विचार करावयाचा आहे. हा विषय वाङ्मयीन समीक्षेच्या कक्षेत बसतो काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. जी कृती एखाद्या प्रसंगाचे कथन करते, पात्रे योजते आणि पाहणाऱ्याकडून एका विशिष्ट अर्थाची अपेक्षा करते, तिला कथनाचे नियम लागू पडतात, एवढेच त्या आक्षेपाला उत्तर पुरे आहे.

प्रथम संज्ञेविषयी. 'डायोरामा' हा शब्द दागेर आणि बूताँ यांनी १८२२ साली पॅरिसमध्ये उघडलेल्या प्रेक्षणगृहापासून रूढ झाला. तेथे पुतळे नव्हते. अंधारात बसलेल्या प्रेक्षकांपुढे एक प्रचंड रंगविलेला पडदा असे आणि त्यावरील प्रकाश बदलून सकाळची संध्याकाळ होत असे. लहान आकाराच्या घन वस्तूंनी मांडलेले दृश्य हा अर्थ त्या शब्दाला पुढे चिकटला. मराठीत यासाठी नवा शब्द घडविण्याची गरज नाही. गणेशोत्सवाने आपल्याला 'देखावा' हा शब्द दिलेला आहे आणि तो मूळ शब्दापेक्षा अधिक प्रामाणिक आहे, कारण 'देखावा' म्हणजे दृश्यही आणि बतावणीही. पुढील विवेचनात हे दोन्ही अर्थ लागणार आहेत.

संग्राहकांच्या जगात वाळवंटी देखाव्याला जे स्थान आहे ते अकारण नाही. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने १९६४ साली एक फूट उंचीचा जी. आय. जो बाजारात आणला. १९८२ पासून तोच पावणेचार इंचांचा झाला आणि त्याच्याभोवती निरनिराळ्या कसबांच्या सैनिकांचे एक कुटुंब उभे राहिले. १९८५ साली त्या कुटुंबात 'डस्टी' नावाचा वाळवंटी सैनिक आला. आपल्याकडे हॅस्ब्रो आणि एम. आर. एफ. यांच्या भागीदारीतून १९८७ साली फनस्कूल ही कंपनी निघाली. तिचा कारखाना गोव्यात उभा राहिला आणि या कुळातील सैनिक भारतीय मुलांच्या हाती पडू लागले. ती मुले आता प्रौढ झाली आहेत. बालपणी दुकानाच्या काचेतून पाहिलेली वस्तू पुढे ऐपत आल्यावर मिळवावयाची आणि तिच्यासाठी योग्य अशी भूमी रचावयाची, हा त्यांच्यापैकी कित्येकांचा गंभीर व्यासंग झाला आहे. त्यात हसण्यासारखे काही नाही. वाळवंटी सैनिकाला वाळवंट हवे, हा त्यांचा पहिला विचार साहजिकच आहे.

अडचण येथूनच सुरू होते.

पावणेचार इंचांचा, म्हणजे सुमारे साडेनऊ सेंटिमीटरांचा सैनिक हा प्रत्यक्षाच्या एक-अठरांश प्रमाणाचा आहे. संग्राहकाची फळी सामान्यतः दोन फुटांची असते. दोन फूट, म्हणजे साठ सेंटिमीटर, अठरांनी गुणिले तर अकरा मीटरही भरत नाहीत. म्हणजे ज्याला आपण वाळवंट म्हणतो ते प्रत्यक्षात एका बऱ्यापैकी घराच्या अंगणाएवढे असते. आता एक साधा चंद्रकोरी टेकाड त्यात बसवून पाहा. पाच मीटर उंचीचा टेकाड या प्रमाणात अठ्ठावीस सेंटिमीटर उंच होईल. वाळूच्या टेकाडाची वाऱ्याकडील बाजू मंद चढाची, दहा ते पंधरा अंशांची असते. आडोशाकडील बाजू सुमारे चौतीस अंशांनी एकदम उतरते. हा हिशेब मांडला तर अठ्ठावीस सेंटिमीटरांच्या टेकाडाला वाऱ्याच्या दिशेने पावणेदोन मीटर लांबी लागते. दोन फुटी फळीवर तो मावत नाही. तरीही आपण पाहतो ते बहुतेक देखावे टेकाडांनी भरलेले असतात. दोन, तीन, कधी चार. त्यांच्या दोन्ही बाजू सारख्याच चढाच्या असतात. त्यांना वाऱ्याची दिशा नसते. ते टेकाड नसून ढीग असतात, बांधकामाच्या कडेला ट्रकने ओतलेल्या रेतीचे ढीग.

हा दोष हस्तकौशल्याचा नाही, निरीक्षणाचा आहे. राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज सैनिकी अभियंत्याने लिबिया आणि इजिप्तच्या वाळवंटांतून वर्षानुवर्षे मोटारी हाकल्या आणि १९४१ साली वाहत्या वाळूच्या भौतिकीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. वाळूचे टेकाड ही वाऱ्याने लिहिलेली आकृती आहे, तिचा चढ, तिचा उतार, तिची टोके ही सर्व वाऱ्याच्या दिशेने आणि वेगाने ठरतात, ही जाण त्यानंतर कोणालाही दुर्लभ राहिलेली नाही. चंद्रकोरी टेकाडाची दोन शिंगे वारा जिकडे जातो तिकडे रोखलेली असतात. देखावा रचणाऱ्याने फळीच्या एका कडेवर पेन्सिलीने बाण काढून वाऱ्याची दिशा ठरविली आणि मग सर्व काही त्या बाणाला बांधून घेतले, तर त्याचे अर्धे काम झाले. पाऊलखुणांच्या कोणत्या बाजूला वाळू साठेल, खडकाच्या मागे शेपटीसारखा ढीग कोणीकडे लांबेल, फडके कोणीकडे उडेल, ही सर्व उत्तरे त्या एका बाणात आहेत. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ च्या ग्रंथात लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे जे तत्त्व मांडले त्याची आठवण येथे होते. वारा हा वाळवंटाचा संवादलय आहे. त्याच्याशी विसंगत असलेला प्रत्येक कण डोळ्याला खटकतो, कारण सांगता आले नाही तरी.

दुसरी अडचण वाळूचीच आहे. वाळवंट दाखवावयाचे तर खरी वाळू घ्यावी, यापेक्षा सरळ विचार कोणता? परंतु वाळूचा कण लहान होत नाही. सैनिक अठरा पट लहान झाला, टेकाड अठरा पट लहान झाले; कण मात्र आपल्या मूळ आकारानेच तेथे येऊन पडतो. पाव-एक मिलिमीटरांहून थोडा मोठा, समजा ०.३ मिलिमीटरांचा कण त्या सैनिकाच्या दृष्टीने साडेपाच मिलिमीटरांचा, म्हणजे बारीक खडीचा होतो. एक-बहात्तरांश प्रमाणाच्या छोट्या सैनिकापुढे तोच कण एकवीस मिलिमीटरांचा गोटा होतो. म्हणजे खऱ्या वाळूने केलेले वाळवंट हे खडीचे मैदान होते. वाऱ्याने उठणाऱ्या लहरींचेही तसेच. प्रत्यक्षात त्यांच्यात सुमारे दहा सेंटिमीटरांचे अंतर धरले, तर एक-अठरांश प्रमाणात ते साडेपाच मिलिमीटर असावयास हवे. बोटाने ओढलेल्या रेघा याच्या तिप्पट-चौपट रुंद होतात आणि नांगरलेल्या शेताचा भास होतो. जाणकार म्हणूनच वाळू टाळतात. प्लॅस्टर ऑफ पॅरिसने आकार घडवून त्यावर वस्त्रगाळ विटेची पूड, खडूची भुकटी आणि रंगद्रव्य यांचा थर देतात. खरेपणासाठी खरी वस्तू टाकून द्यावी लागते. कथा-कादंबरीतील संवादांविषयीही हेच म्हणता येईल. बाजारात ऐकलेले बोलणे जसेच्या तसे उतरविले तर ते खोटे वाटते. एक गोष्ट मात्र प्रमाणाने बदलत नाही, ती म्हणजे कोन. चौतीस अंशांचा उतार लहान झाला तरी चौतीस अंशांचाच राहतो. निसर्गाने या कलावंताला दिलेली हीच एक सूट आहे, आणि तीच तो सहसा घेत नाही.

येथवर केलेली टीका कसबाची आहे. ती मान्य करूनही कोणी म्हणेल की हा केवळ तपशिलाचा आग्रह झाला. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे जे दोन पक्ष उभे केले त्यांपैकी दुसऱ्या पक्षाचा मनुष्य विचारील की टेकाडाचा कोन चुकला म्हणून रंगांची, आकारांची संगती का बिघडावी? देखावा स्वतःपुरता सुंदर असू शकत नाही काय? असू शकतो. परंतु या कलाप्रकाराने स्वतःच आपल्याला 'प्रमाण' या शब्दाशी बांधून घेतले आहे. त्याचे सर्व अभिमानाचे बोल मोजमापाचे आहेत. सैनिकाच्या पट्ट्यावरील बटण बरोबर आहे असे जो सांगतो त्याला पायाखालच्या जमिनीविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार पाहणाऱ्याला आहे.

याच्या अगदी उलट टोकाला आपला दिवाळीचा किल्ला आहे. पुण्या-सातारकडे, कोकणात, आणि आता नागपूर-वऱ्हाडातही मुले दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात. दगड-विटांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, अळीव किंवा मोहरी पेरून आठवड्यात उगविलेली हिरवळ, आणि कुंभाराकडून आणलेली मातीची चित्रे. माथ्यावर सिंहासनस्थ शिवाजीमहाराज, दारावर मावळे, खाली गवळण आणि भाजीवाली. येथे प्रमाणाला स्थान नाही. महाराज बुरुजापेक्षा उंच असतात, मावळा दरवाज्यातून आत जाऊ शकत नाही, गवळण तोफेहून मोठी असते. कोणाला काही वावगे वाटत नाही, कारण येथे आकार हा महत्त्वाने ठरतो, अंतराने नव्हे. ज्याचा मान मोठा त्याची मूर्ती मोठी, ही शिल्पातील जुनीच रीत आहे. परंतु जमिनीच्या बाबतीत हा किल्ला संग्राहकाच्या फळीहून अधिक सत्य आहे. तो ज्या मातीचा केला त्याच मातीवर उभा असतो. कार्तिकातील सह्याद्री हिरवा असतो आणि किल्लाही हिरवा असतो. वाऱ्याचा नाही तरी ऋतूचा बाण त्याला आहे. दिवाळी संपली की तो ढासळतो आणि पुन्हा अंगणात मिसळतो. डिंकाने आणि लाखेने चिरंतन केलेल्या वाळवंटाला हे भाग्य नाही.

गवळण आणि भाजीवाली यांचा उल्लेख वर ओघात आला. त्यांच्याकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण माझ्या मते या दोन परंपरांतील खरा भेद तेथे आहे. मुलांच्या किल्ल्याखाली गाव असते. विहीर असते, शेत असते, बैलगाडी असते. इतिहासाच्या दृष्टीने ती विसंगत असेलही, परंतु किल्ला म्हणजे गावावाचून राहू न शकणारी वस्तू आहे हे त्या मुलाला कोणी न शिकविता ठाऊक असते. संग्राहकाच्या वाळवंटात कोणी राहत नाही. तेथे सैनिक असतो, त्याचे वाहन असते, कधी मोडके रणगाड्याचे धूड असते, आणि एखादी कवटी. त्या भूमीला रहिवासी नाहीत. शत्रूही बहुधा काल्पनिक असतो. वाळवंट म्हणजे रिकामी जागा, आणि रिकामी जागा म्हणजे युद्धाची जागा, असे हे गृहीतक आहे. ते इतके सवयीचे झाले आहे की त्याला गृहीतक म्हणणेही अतिशयोक्त वाटावे.

वस्तुस्थिती काय आहे? सहारात वाळूच्या टेकाडांनी व्यापलेला भाग एक-चतुर्थांशाहून अधिक नाही. उरलेले खडकाळ पठार, खडीची मैदाने, कोरडी नदीपात्रे. १९४२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जेथे अल अलामेनची लढाई झाली ती भूमीही बरीचशी दगडाळ आणि झुडपांची होती, आणि तेथे बदाऊन टोळ्यांचा वावर होता. युद्ध संपल्यावर जमिनीत राहिलेल्या सुरुंगांनी दशकानुदशके बळी घेतले ते सैनिकांचे नव्हेत, या लोकांचे आणि त्यांच्या गुराढोरांचे. आपल्याकडील थरचे वाळवंट तर जगातील सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी आहे. तेथे खेजडी आहे, रोहिडा आहे, बाजरीची शेते आहेत, पाण्याची टाकी आहेत. डिसेंबर १९७१ मधील लोंगेवालाच्या लढाईचे देखावे आपल्याकडे आवडीने केले जातात. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीने रात्रभर ठाणे रोखून धरले, आणि पहाटेपासून जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी रणगाडे टिपले. त्या लढाईचे आकाशातून घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. रणगाड्यांच्या चाकोऱ्या वाळूवर वेड्यावाकड्या वळणांनी स्वतःभोवतीच फिरलेल्या त्यात दिसतात. वाळूवरील रेषा कथा सांगते याचे यापेक्षा चांगले उदाहरण नाही. देखावा रचणारे रणगाडे मांडतात, चाकोऱ्या विसरतात. रणगाडा बाजारात मिळतो. चाकोरी आपल्या हाताने काढावी लागते.

मराठी माणसाचे म्हणून एक वाळवंट इतिहासात आहे, आणि ते कोणी रचीत नाही. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, टाउनशेंडच्या हाताखाली लढली. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. टेसिफॉनहून मागे फिरलेले हे सैन्य डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिस नदीच्या वळणातील कूट या गावी वेढले गेले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आले. या वेढ्याची भूमी कशी होती? चिखलाची. हिवाळ्यात पाऊस झाला, नदीला पूर आला, खंदकांत पाणी भरले. वेढा फोडण्यासाठी खालून येणारे सैन्य चिखलात आणि पुराच्या पाण्यात अडकले. घोडे मारून खाण्याची वेळ आली आणि हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले. त्याच गावात हजारो अरब रहिवासीही त्यांच्याबरोबर अडकले होते. वाळवंट, आणि चिखल. सैनिक, आणि त्यांच्या शेजारी भुकेले गाव. ज्याला विरोधलय म्हणावे असे एवढे सामर्थ्यवान द्रव्य हाताशी असताना आपला संग्राहक अमेरिकेतील डब्यावर छापलेल्या चित्रातील वाळवंट पुन्हा पुन्हा रचतो, ही खेदाची गोष्ट आहे. खेद एवढ्यासाठी की हौस त्याची आहे, हातही त्याचे आहेत. फक्त दृष्टी उसनी आहे.

हे लिहिताना धारणी डोळ्यांपुढे आहे. मेळघाटाच्या उत्तर अंगाचे हे तालुक्याचे गाव. जवळून सिपना वाहते आणि पुढे तापीला मिळते. चैत्र-वैशाखात सागाची पाने गळतात, ओढे आटतात, मुरूम उघडा पडतो आणि टेकड्यांचा रंग असा होतो की परक्या माणसाने त्याचे छायाचित्र पाहून त्याला ओसाड म्हणावे. 'ओसाड' हा शब्द आपण फार सहज वापरतो. मेळघाटाविषयीच्या चित्रांत, पत्रकांत आणि पाहुण्यांच्या वर्णनांत एक निर्मनुष्य अरण्य दिसते: वाघ, साग, दरी. १९७४ साली येथे व्याघ्रप्रकल्प झाला तो देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी होता. त्या अरण्यात कोरकू लोकांची गावे होती आणि आहेत. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे तेथून उठवून खाली अकोट बाजूस वसविण्यात आली. पुनर्वसनाच्या बऱ्यावाईटाचा निवाडा येथे करावयाचा नाही. तो या लेखाचा विषय नव्हे. मुद्दा एवढाच की भूमी रिकामी दाखविणे ही केवळ दृश्यरचनेतील सोय नसते. ज्या डोळ्याला दोन फुटी फळीवर निर्जन वाळवंट पाहण्याची सवय लागली त्याला मोठ्या नकाशावरही माणसे दिसेनाशी होतात. हा आरोप खेळण्यावर फार जड होतो असे वाटेल. परंतु खेळणे हेच मुलाचे पहिले भूगोलाचे पुस्तक असते.

संग्रहालयांतील देखाव्यांकडे पाहिले तर हाच प्रश्न वेगळ्या रूपाने भेटतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्गेतिहास दालनात रोहित पक्ष्यांचा देखावा आहे. तेथे मागचा रंगविलेला पडदा आणि पुढची घन भूमी यांचा सांधा डोळ्याला सापडू नये असा प्रयत्न असतो, आणि क्षितिज लांब जाते. अकरा मीटरांचे अंगण अमर्याद भासविण्याचा हाच एक मार्ग आहे. पडद्यावाचून फळीवरचे वाळवंट कधीही फळीच्या कडेपलीकडे जाणार नाही. त्याच शहरात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मातीच्या छोट्या मूर्तींनी मुंबईच्या लोकांचे, त्यांच्या पेहरावांचे आणि धंद्यांचे दर्शन घडविलेले आहे. तेथे माणसे आहेत, परंतु ती नमुने म्हणून आहेत; त्यांना जमीन नाही. एकीकडे भूमी आणि पक्षी, दुसरीकडे माणसे आणि फळी. हे दोन अर्धे एकत्र आणण्याचे सामर्थ्य मुलाच्या किल्ल्यात आहे, असे म्हटले तर ते भाबडेपणाचे ठरू नये. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाचा उल्लेख येथे केवळ यासाठी करतो की उत्तर आफ्रिकेतील युद्धात वापरलेल्या जातीचे रणगाडे तेथे पूर्ण आकारात उभे आहेत, आणि ते उभे आहेत दख्खनच्या मातीत. ज्याला वाळवंटी वाहनावर धूळ कशी बसते ते पाहावयाचे आहे त्याने उन्हाळ्यात तेथे जावे.

घोडेस्वाराची एक प्रतिमा याच मेळघाटात आहे जी या सर्व चर्चेला निराळे वळण देते. कोरकू लोक मृताच्या स्मरणार्थ सागवानी लाकडाचा कोरीव फलक करतात. त्याला मुंडा म्हणतात, आणि सिडोलीच्या विधीत तो गावाबाहेर झाडाखाली इतर फलकांशेजारी रोवतात. त्यावर सूर्य असतो, चंद्र असतो आणि घोड्यावर बसलेला मनुष्य असतो. ज्याच्या दारी कधी घोडे नव्हते असा मनुष्यही मरणानंतर स्वार होतो. त्याला सैनिक म्हणता येणार नाही. तरी लाकडात कोरलेला छोटा स्वार एवढ्या अर्थाने तो शिशाच्या आणि प्लॅस्टिकच्या स्वारांचा आप्त आहे. लक्षात घेण्यासारखे हे की त्याच्या घोड्याखाली बहुधा जमीन कोरलेली नसते. तिची गरजच नाही. फलक ज्या मातीत रोवला ती माती, ज्या झाडाखाली उभा केला ते झाड, आणि ज्या गावाच्या शिवेवर आहे ते गाव, हीच त्याची भूमी. विल्यम ब्रिटन यांनी १८९३ पासून पोकळ ओतकामाने केलेले चौपन्न मिलिमीटरांचे सैनिक हे याच्या नेमके विरुद्ध आहेत. ते कोठेही उभे राहतात, कारण ते कोठलेच नाहीत. त्यांच्या पायाखाली हिरवी रंगविलेली छोटी पट्टी असते, तीच त्यांची जमीन, आणि ती ते बरोबर घेऊन फिरतात. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' लिहिले तेव्हा त्यांच्या लढायांची भूमी घरातली जमीन आणि बागेतली हिरवळ होती. ज्या साम्राज्याचे सैन्य जगभर कोठेही उतरू शके त्याचे खेळणे असेच असावे, हा योगायोग म्हणावा काय?

या भागातील मुलाने किंवा प्रौढ संग्राहकाने कोणती भूमी रचावी, हे सांगणे समीक्षकाचे काम नाही, असे कोणी म्हणेल. तथापि द्रव्य कोठे आहे हे दाखविणे हे तर निश्चित त्याचे काम आहे. आपल्या वऱ्हाडातील मुले किल्ला करतात तेव्हा सहसा प्रतापगड, रायगड किंवा सिंधुदुर्ग करतात. धारणीच्या आग्नेयेस चिखलदऱ्याजवळ गाविलगड आहे. तो करताना मी फारसे कोणाला पाहिलेले नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाल्यावर आर्थर वेलस्लीने या गडाकडे मोर्चा वळविला. गडाची दक्षिण बाजू खाली वऱ्हाडच्या मैदानात उतरणाऱ्या कड्याची. चढाई शक्य होती ती उत्तरेकडून, लबाडा गावाच्या बाजूने. तेथे तोफा नेण्यासाठी स्टीव्हन्सनच्या सैन्याने डिसेंबरच्या ७ ते १२ तारखांच्या दरम्यान डोंगरातून सुमारे तीस मैलांची वाट काढली आणि तोफा माणसांच्या बळावर ओढून नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारांतून हल्ला झाला. आतला किल्ला मात्र खोल घळीपलीकडे होता आणि त्याच्या तटाला खिंडार नव्हते. ९४ व्या पलटणीची एक तुकडी शिड्या लावून चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग आपल्या माणसांसह लढताना पडला.

हा देखावा मांडावयाचा तर मुद्दा शिडीचा नाही, घळीचा आहे. बाहेरचा तट पडूनही गड पडत नाही, हे पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे. म्हणून घळीची खोली प्रमाणाबाहेर घ्यावी लागली तरी चालेल, मुलाच्या किल्ल्यात महाराज मोठे असतात तशी. डिसेंबरात मेळघाटात गवत वाळून पिवळे झालेले असते, तेव्हा अळीव पेरू नये. पेरलेच तर पाणी तोडून ते सुकू द्यावे. दगड काळा, मुरूम तांबूस. उत्तरेच्या कडेला वाट काढताना तोडलेल्या झाडांचे बुंधे ठेवावेत, आणि त्या वाटेवर तोफांच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या. लबाड्याची घरे तेथेच, तोफखान्याच्या मागे, चार कुडाच्या भिंती आणि वर गवताचे छप्पर. त्यांच्या दारात कोण उभे होते हे कोणत्याही खलित्यात लिहिलेले नाही, पण दार रिकामे ठेवू नये.